निर्वासितांची शेती, निर्वासितांच्या शाळा आणि आमचे दान

थंडी पडू लागली म्हणजे पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर इत्यादी शहरांत रस्त्याच्या कडेला लोकरीच्या कपड्यांची दुकाने लागतात. लोक त्यांस तिबेटी बाजार म्हणतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तेथून मुलाबाळांसाठी गरम कपडे घेतलेही असतील. परंतु हे विक्रेते कोण, आणि थंडी सरल्यावर ते जातात कोठे, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात येत असेल. त्यांतील कित्येक कुटुंबे आपल्यासारखीच शेतकरी आहेत. पावसाळ्यात मका किंवा भात पिकवावा, पीक घरात आले की व्यापारास बाहेर पडावे, आणि उन्हाळ्याच्या तोंडी गावी परतून नांगरटीस लागावे, असा क्रम त्यांच्या वसाहतींतून कित्येक वर्षे चालत आला आहे. कोरडवाहू जमिनीवर वर्षभराचे पोट भरत नाही, म्हणून जोडधंदा करावा लागतो. हे दुःख आम्हांस नवे नाही. भेद इतकाच की, ज्या जमिनीवर ते राबतात ती त्यांची नाही, आणि जी त्यांची होती ती हिमालयापलीकडे राहिली.

देशोधडीस लागलेल्या अशा लोकांस मदत करावी, याविषयी तत्त्वतः कोणाचे दुमत असेल असे वाटत नाही. मतभेद होतो तो मदत कोणत्या प्रकारे करावी याविषयी. आमचे म्हणणे असे की, निर्वासितांनी स्वतः काढलेल्या व स्वतः चालविलेल्या शाळा आणि शेतीची कामे यांस हात देणे हाच दानाचा सर्वांत फलदायी प्रकार होय. आणि शेतकऱ्यांच्या संस्थांनी आपल्या ऐपतीप्रमाणे त्यात भाग घेणे उचित आहे. हे मत केवळ दयेवर आधारलेले नाही. त्यास आपल्याच देशातील साठ-पासष्ट वर्षांचा अनुभव आधार आहे, तो वाचकांपुढे मांडतो.

इ. स. १९५९ च्या मार्च महिन्यात दलाई लामा तिबेटातून निघून भारतात आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार लोक आले. आसामातील मिसामारी व बंगालातील बक्सा येथे त्यांच्यासाठी छावण्या उघडण्यात आल्या. थंड, कोरड्या, उंच पठारावरची ही माणसे. त्यांस सखल प्रदेशाचा उष्मा व तेथील रोगराई मानवेना. धडधाकट स्त्री-पुरुषांस हिमालयातील रस्त्यांवर खडी फोडण्याचे काम देण्यात आले. आईबाप रस्त्यावर आणि मुले तंबूंत, असा तो काळ होता. त्यात क्षयाने व इतर दुखण्यांनी किती माणसे दगावली याची मोजदाद करणे कठीण आहे.

या लोकांस पुन्हा जमिनीशी जोडल्यावाचून त्यांचे बस्तान बसणार नाही, हे ओळखून तत्कालीन म्हैसूर सरकारने बायलकुप्पे येथे सुमारे तीन हजार एकर जागा देऊ केली. १९६० च्या अखेरीस सहा-सातशे माणसांची पहिली तुकडी तेथे पोहोचली. ‘जागा’ म्हणजे तयार शेत नव्हे. ते दाट जंगल होते. झाडे तोडावी, मुळे खणून काढावी, लाकूडफाटा जाळावा, रात्री हत्तींपासून झोपड्या राखाव्या, असे करीत ती जमीन लागवडीखाली आली. दर माणशी सुमारे एक एकर अशी ती वाटण्यात आली. डोंगराळ भागात सातू पिकविणाऱ्या आणि याक चारणाऱ्या लोकांस मोसमी पावसावरची शेती ठाऊक नव्हती. केव्हा पेरावे, तण केव्हा काढावे, पाऊस लांबला तर काय करावे, ही विद्या त्यांस मुळापासून शिकावी लागली. शेवटी मका हेच त्या भागातील त्यांचे मुख्य पीक ठरले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या वसाहतींनी आरंभापासूनच सहकारी पद्धतीचा आश्रय केला. वसाहतीची सहकारी संस्था, तिचे ट्रॅक्टर व त्यांच्या दुरुस्तीचा कारखाना, तिची पिठाची गिरणी, तिचे दुकान, तिची मालखरेदी, असा संसार उभा राहिला. सरकारने जागा दिली, परदेशच्या व देशातील धर्मादाय संस्थांनी अवजारांस व घरांस पैसा दिला. परंतु कारभार वसाहतीतील माणसांच्या हाती होता. पुढे १९६६ साली मुंडगोड येथे, १९६९ मध्ये बायलकुप्प्यातच दुसरी, आणि १९७२ मध्ये हुणसूर येथे अशा वसाहती झाल्या. त्याच १९७२ साली आपल्या महाराष्ट्रातही, त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यात, नोर्ग्येलिंग नावाची वसाहत झाली. हा भाग आता गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मोडतो. त्या धानाच्या मुलखात तिबेटी कुटुंबे आपल्या विदर्भातील शेतकऱ्यांच्या बांधाला बांध लावून पन्नास वर्षांहून अधिक काळ राहत आहेत, ही गोष्ट पश्चिम महाराष्ट्रातील किती सभासदांस ठाऊक असेल?

शेतीच्या जोडीने शाळा आली. किंबहुना शाळा आधी आली असेच म्हटले पाहिजे. रस्त्याच्या कामावरील मजुरांची आजारी व अनाथ मुले एकत्र करून १७ मे १९६० रोजी धरमशाळा येथे एक बालगृह निघाले, तेव्हा त्यात एक्कावन्न मुले होती. दलाई लामांच्या वडील भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी ते चालविले. १९६४ साली त्या वारल्यावर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ती धुरा घेतली आणि २००६ पर्यंत वाहिली. त्या एक्कावन्न मुलांच्या खोलीतून आज देशभर पसरलेल्या ‘तिबेटी बालग्राम’ शाळा निर्माण झाल्या. त्यांचा पैसा आला कोठून? बहुतांशी दूरदूरच्या सामान्य माणसांकडून. एकेका माणसाने एकेका मुलाचा खर्च उचलावयाचा आणि तो एक वर्ष नव्हे, मूल शिकून बाहेर पडेपर्यंत द्यावयाचा, अशी ती रीत होती. भारत सरकारनेही १९६१ साली तिबेटी मुलांच्या शाळांसाठी स्वतंत्र मंडळ नेमले. अलीकडच्या काळात त्यांतील बऱ्याच शाळांचा कारभार तिबेटी लोकांच्या स्वतःच्या संस्थेकडे आला आहे. निर्वासितांच्या मुलांनी आपली भाषा न विसरता देशाची भाषाही शिकावी, हे धोरण बाहेरच्या कोणत्याही अधिकाऱ्याने इतक्या चिकाटीने चालविले नसते. ज्याचे जळते त्यालाच कळते.

आता याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवू. पूर्व बंगालातून आलेल्या हिंदू निर्वासितांसाठी भारत सरकारने १९५८ साली दंडकारण्य योजना हाती घेतली. बस्तर, कोरापुट इत्यादी भागांत त्यांस जमिनी द्यावयाच्या होत्या. हेतू वाईट नव्हता, पैसाही थोडाथोडका खर्च झाला नाही. परंतु गाव कोठे बसवावे, जमीन कोणती द्यावी, कोणते पीक घ्यावे, हे सारे कचेरीत ठरले. हे लोक नदीच्या मुखाकडील गाळाच्या जमिनीत भात लावणारे व मासे धरणारे. त्यांस मिळाली पाण्यावाचूनची, पुष्कळ ठिकाणी हलकी व मुरमाड जमीन. पाटबंधारे वेळेवर झाले नाहीत. शिवाय त्या वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींस कोणी विचारले नव्हते, त्यामुळे त्यांच्या मनातही कडवटपणा आला. अखेर १९७८ साली हजारो कुटुंबे वसाहती सोडून सुंदरबनातील मरीचझांपी बेटाकडे निघून गेली.

त्या बेटावर जे घडले ते विसरण्याजोगे नाही. सरकारची एक पैचीही मदत नसता या लोकांनी थोड्याच महिन्यांत बांध घातले, रस्ते केले, मत्स्यव्यवसाय सुरू केला, दवाखाना काढला आणि मुलांसाठी शाळा उघडली. पुढे १९७९ च्या मे महिन्यात बंगाल सरकारने त्यांस बळाने हुसकून लावले व त्यात प्राणहानी झाली. ते बेट वनखात्याच्या राखीव हद्दीत होते, ही सरकारची बाजू होती. तिचा न्याय करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस दाखवावयाचे आहे ते इतकेच की, दंडकारण्यात जी माणसे आळशी व कटकटी म्हणून हिणविली गेली, तीच माणसे आपल्या ओळखीच्या जमिनीवर व आपल्या मताने काम करू लागताच उद्योगी ठरली. माणसे बदलली नव्हती. कारभार कोणाच्या हाती हे बदलले होते. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा व चामोर्शी या तालुक्यांत जे बंगाली निर्वासित वसले, त्यांनी पाण्याची सोय होताच भात, भाजीपाला व तळ्यांतील मासे यांत कशी गती दाखविली, हे त्या बाजूच्या वाचकांस सांगावयास नको.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर आजची स्थिती पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीच्या गणतीप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात बारा कोटींहून अधिक माणसे बळजबरीने घरदार सोडून बाहेर पडलेली होती. जे देशाची सीमा ओलांडून गेले त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांस गरीब व मध्यम स्थितीच्या देशांनीच आसरा दिला आहे. आफ्रिकेतील युगांडा हे त्याचे ठळक उदाहरण होय. दक्षिण सुदान, काँगो इत्यादी शेजारच्या देशांतून आलेले सतरा लाखांहून अधिक निर्वासित तेथे आहेत. त्या देशाने २००६ च्या कायद्याने निर्वासितांस काम करण्याचा व फिरण्याचा हक्क दिला, आणि वसाहतींतून कुटुंबामागे जमिनीचा तुकडा देण्याची वहिवाट ठेवली. याबद्दल त्याचे कौतुक करावे तितके थोडे.

परंतु तो तुकडा केवढा, हे शेतकऱ्याने शेतकऱ्याच्या मापाने मोजून पाहावे. पूर्वी तेथे पन्नास मीटर रुंद व शंभर मीटर लांब असा तुकडा देत. तो आपल्या मापाने सव्वा एकराच्या आसपास होतो. पुढे माणसे वाढली. बिडिबिडी नावाची वसाहत ऑगस्ट २०१६ मध्ये उघडली आणि चार-पाच महिन्यांत तेथे अडीच लाखांहून अधिक माणसे आली. तेथे तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद असा तुकडा मिळाला. म्हणजे अवघे नऊ गुंठे, आणि त्यातच राहण्याचे घर. समजा, सगळ्या नऊ गुंठ्यांत मका केला आणि एकरी दहा क्विंटल उतारा धरला, तर हाती येईल सव्वादोन क्विंटल. पाच माणसांचे कुटुंब दर माणशी रोज अर्धा किलो धान्य खाते असे मानले तरी वर्षाला नऊ क्विंटल लागते. तेव्हा एवढ्या जमिनीवर धान्य पिकवून पोट भरणे अशक्य आहे, हे आकड्यांनीच सिद्ध होते. उरलेले धान्य बाहेरून आले पाहिजे. आणि ते बाहेरून येणारे धान्यच आता आटत चालले आहे. श्रीमंत देशांनी हात आखडता घेतल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाने २०२३ पासून तेथील शिधा गरजेची प्रतवारी लावून कमी केला, आणि २०२५ च्या वसंतात सुमारे दहा लाख निर्वासितांचा शिधा साफ बंद केला.

अशा वेळी नऊ गुंठ्यांत काय करावे, हा खरा शेतकी प्रश्न आहे. घराच्या सांडपाण्यावर भाजीपाला, कुंपणाला शेंगावेल, चार कोंबड्या, खत करण्यासाठी खड्डा, शेजारच्या स्थानिक शेतकऱ्याकडून खंडाने किंवा वाट्याने थोडी जमीन, पाच-दहा कुटुंबांनी मिळून ठेवलेले बियाणे, ही त्याची उत्तरे होत. ही उत्तरे दूरच्या राजधानीत बसलेल्या सल्लागारास सुचणार नाहीत असे नव्हे. परंतु शेजारी कोण विश्वासाचा, पाणी कोणत्या महिन्यात आटते, कोणती विधवा आपला तुकडा कसू शकत नाही, हे त्या वसाहतीतील माणसासच कळते. म्हणूनच तेथे निर्वासितांनी स्वतः काढलेल्या मंडळ्यांचे महत्त्व आहे. काँगोतून आलेल्या काही तरुणांनी कंपाला शहरात २००७ साली अशीच एक संस्था काढून आपल्या बांधवांस इंग्रजी भाषा व हातांस काम शिकविण्यास आरंभ केला. भाषेवाचून बाजारात भाव विचारता येत नाही व दवाखान्यात दुखणे सांगता येत नाही, हे त्यांनी स्वतः सोसलेले होते.

मात्र पैसा या मंडळ्यांपर्यंत पोहोचत नाही, ही मोठी उणीव आहे. २०१६ साली इस्तंबूल येथे भरलेल्या जागतिक परिषदेत मोठमोठ्या देणगीदारांनी कबूल केले की, २०२० पर्यंत मदतीचा चौथा हिस्सा शक्य तितक्या थेट मार्गाने त्या त्या देशातील स्थानिक संस्थांस द्यावयाचा. ती मुदत उलटून गेली, पण कबुली पुरी झाली नाही. दान निघते मोठ्या मोटेने आणि शेताच्या टोकाला पोहोचते ओंजळभर. पाट लांब असला म्हणजे वाटेत पाणी जिरतेच. त्यात कोणी चोरी केली असेच नव्हे. उपाय एकच, पाट आखूड करावा.

आपल्या देशात दक्षिणेकडेही याचे एक उत्तम उदाहरण आहे. जुलै १९८३ मधील दंगलींनंतर श्रीलंकेतील तमिळ कुटुंबे होड्यांतून तमिळनाडूत आली. त्यांच्यातीलच एस. सी. चंद्रहासन या वकिलांनी इतर निर्वासितांस बरोबर घेऊन १९८४ साली इलम निर्वासितांच्या पुनर्वसनाची संस्था स्थापिली. शंभराहून अधिक छावण्यांत विखुरलेल्या मुलांची शाळा सुटू नये, हे तिने पहिले काम मानले. छावणीतील शिकलेल्या तरुण-तरुणींनीच लहानांस शिकवावे, अशी तिची पद्धत. लहान मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या पोषणासाठी पाण्यातील स्पिरुलिना नावाच्या शेवाळाची लागवड करण्याचाही उद्योग तिने केला. ज्यांच्या पायाखाली जमीनच नाही त्यांनी टाक्यांतील पाण्यावर पीक घ्यावे, ही युक्ती आम्हांस कौतुकास्पद वाटते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला व सर्वांत सबळ आक्षेप असा : ‘आपलाच शेतकरी कर्जाने गांजला आहे, कोयनेच्या धरणात ज्यांची गावे बुडाली त्यांच्या पुढल्या पिढ्या अजून जमिनीसाठी अर्ज करीत आहेत, घरचे झाले थोडे अन्‌ व्याह्याने धाडले घोडे, अशी गत कशाला?’ हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. धरणग्रस्तांचा हक्क पहिला आहे आणि त्याविषयी लिहिण्यात आम्ही कसूर करणार नाही. परंतु धरणग्रस्तास जे मिळावयाचे ते दान नव्हे, न्याय आहे. तो सरकारच्या तिजोरीतून आला पाहिजे, सभासदांच्या वर्गणीतून नव्हे. निर्वासिताची गोष्ट वेगळी. त्यास न्याय देणारे सरकारच उरलेले नाही. आपला देश १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील नाही. येथे जे मिळते ते सरकारच्या औदार्याने व धोरणाने मिळते. शिवाय दोन्ही दुःखांचे मूळ एकच आहे. पाण्याखाली गेलेले शिवार ज्याने पाहिले त्यास, सीमेपलीकडे राहिलेले शिवार म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप : मदतीने माणूस परावलंबी होतो. फुकटच्या शिध्याने होतो, हे आम्हांस मान्य आहे; म्हणूनच आम्ही शिध्याऐवजी बियाणे, अवजारे व शाळा यांची बाजू घेतो. परंतु परावलंबनाचे एक कारण पुष्कळदा नजरेआड होते. बायलकुप्पे असो की नोर्ग्येलिंग, जमीन सरकारची, कसणारा केवळ पट्टेदार. सातबारा हाती असलेल्या आमच्या सभासदाने त्याच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. ती जमीन विकता येत नाही व गहाणही टाकता येत नाही. सबब जमिनीच्या तारणावर कर्ज काढून विहीर पाडावी, हा सरळ मार्ग त्यास बंद आहे. भारत सरकारने २०१४ साली तिबेटी पुनर्वसनाचे धोरण ठरवून पट्ट्यांस काही स्थैर्य आणण्याचा यत्न केला, ही समाधानाची गोष्ट. तरी जेथे सावकार व बँक दोन्ही पाठ फिरवितात, तेथे बाहेरच्या दात्याचे थोडेसे भांडवल हे भीक नसून पतपुरवठ्याची जागा भरून काढते. वसाहतीच्या सहकारी संस्थेने ते बियाण्यासाठी उसने द्यावे, सुगीनंतर परत घ्यावे आणि पुढल्या वर्षी दुसऱ्यास द्यावे. असा फिरता निधी एकदा दिला की वर्षानुवर्षे राबतो.

तिसरा आक्षेप शेजाऱ्यांचा आहे, आणि तो दाबून टाकल्याने नाहीसा होत नाही. परक्यास मदत मिळते आणि बांधापलीकडचा गरीब गावकरी कोरडा राहतो, मग मत्सर उत्पन्न होतो. युगांडाने यावर असा नियम केला की, निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीचा सुमारे तीस टक्के भाग आसपासच्या स्थानिक लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे. हा नियम शहाणपणाचा आहे. आम्ही ज्या कामास पैसा देऊ त्यात शेजारच्या गावची मुले त्याच शाळेत बसतील, त्याच विहिरीचे पाणी व त्याच गिरणीचा लाभ त्या गावास मिळेल, हे पाहिले पाहिजे. कर्नाटकातील वसाहतींच्या शेतांवर भोवतालच्या गावांतील मजुरांस काम मिळत आले आहे आणि त्यांच्या दवाखान्यांत आसपासचे लोकही जातात. यानेच सलोखा टिकतो.

चौथी गोष्ट आक्षेप नव्हे, चिंता आहे. तिबेटी वसाहतींतील शिकलेली तरुण पिढी शहरांकडे व परदेशांकडे चालली आहे. घरात म्हातारी माणसे उरली आहेत, आणि जमिनी खंडाने दिल्या जात आहेत किंवा पडून आहेत. कोणी म्हणेल, मग शाळांस दान दिल्याने शेती मोडलीच ना? पण हाच प्रश्न आमच्या घरोघरी उभा आहे. म्हणून मुलांस शाळेत घालू नये असे आमच्यापैकी कोणी म्हणत नाही. शाळा शेती मोडीत नाही. न परवडणारी शेती व शेतीस तुच्छ मानणारी शाळा या दोन गोष्टी मिळून ती मोडतात. त्या वसाहतींनी या शतकाच्या आरंभापासून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा जो यत्न चालविला आहे, तो शेती परवडावी व तरुणांस तीत काही नवे करावयास मिळावे यासाठीही आहे. ज्या शाळेच्या आवारात बाग आहे, गुरे आहेत आणि शिक्षक हातात कुदळ घेण्यास लाजत नाही, अशा शाळेस आमच्या दानात अग्रक्रम असावा.

येथवर जे सांगितले त्यावरून दान देण्याचे काही नियम आपोआप निघतात. पहिला, संस्था निर्वासितांची स्वतःची असावी; तिच्या कार्यकारी मंडळात त्यांचेच बहुमत असावे आणि त्यात स्त्रिया असाव्यात. दुसरा, ती कायद्याप्रमाणे नोंदलेली असावी व तिचा तपासलेला वार्षिक हिशेब मागताच मिळावा. जी संस्था हिशेब दाखविण्यास कुरकुर करते, तिचे चालक कितीही गोड बोलोत, तिला एक रुपया देऊ नये. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असे दान आम्हांस करावयाचे नाही. तिसरा, दान एकदम मोठे न देता थोडे पण निदान तीन वर्षे द्यावे. शाळेस शिक्षक नेमावयाचा असतो व शेतास बांध घालावयाचा असतो. एका वर्षाच्या भरवशावर ही कामे होत नाहीत. चौथा, कशावर खर्च करावा हे त्यांस ठरवू द्यावे, आणि काय झाले हे आपण विचारावे. पाचवा, वस्तूंपेक्षा पैसा बरा. आपल्या घरचे जुनेपाने कपडे व हिवाळी कपडे विकणाऱ्यांस घोंगड्या पाठविण्यात दात्याचे समाधान होते, घेणाऱ्याचे काम होत नाही. बियाणे द्यावयाचेच झाले तर त्या मातीत चालणारे, त्यांनी मागितलेले द्यावे.

परदेशी पैसा पाठविणे हे बँकेच्या व प्राप्तिकराच्या नियमांत बसवूनच करावे लागते, आणि धर्मादाय संस्थांस तर ते अधिकच जिकिरीचे असते. सबब आमच्या सभासदांनी आरंभ स्वदेशातूनच करावा, हे सोयीचे. युगांडाचे उदाहरण आम्ही दिले ते प्रश्न किती मोठा आहे व त्याचे रूप सर्वत्र कसे सारखे आहे हे दाखविण्यासाठी. पैसा पाठविण्यास आमच्याच राज्यातील व शेजारच्या राज्यांतील वसाहती जवळ आहेत, तेथे जाऊन काम डोळ्यांनी पाहता येते, आणि पाहिलेल्या कामास दिलेला पैसा सहसा वाया जात नाही.

शेवटी एक व्यवहारी सूचना करतो. सहकारी कायद्यात संस्थेच्या निव्वळ नफ्यातील काही मर्यादित भाग लोकोपयोगी व धर्मादाय कामास देण्याची सोय आहे. आमच्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत असा ठराव यावा की, या भागातून तीन वर्षेपर्यंत ठरावीक रक्कम निर्वासितांनी चालविलेल्या एका शाळेस व एका बियाणे निधीस द्यावी. निवड करण्यासाठी पाच सभासदांची समिती नेमावी. तिने प्रथम गोंदिया जिल्ह्यातील वसाहतीस भेट द्यावी, तेथील सहकारी संस्थेच्या पंचांशी बोलावे, आणि त्यांस काय हवे ते त्यांच्याच तोंडून ऐकून अहवाल सादर करावा. ज्या सभासदांस व्यक्तिशः काही द्यावयाचे असेल त्यांनी सुगीनंतर एकरामागे स्वतःस झेपेल तेवढी रक्कम बाजूस काढावी. खळ्यावर आलेल्या कोणासही रिकाम्या हाताने न पाठविण्याची आपली रीत होती. ज्यास खळ्यापर्यंत येता येत नाही त्याचा वाटा पोहोचता करण्याची व्यवस्था आता संस्थेने केली पाहिजे. या ठरावाच्या बाजूने व विरुद्धही सभासदांनी आपली मते सभेपूर्वी आम्हांकडे लिहून पाठवावी. दोन्ही बाजूंची पत्रे पुढील अंकात छापण्याचे आम्ही योजिले आहे.